घरच्या रेडिओ सर्व्हरला बाहेरून कोणी जोडत का नाही? : सहा पायऱ्यांत दोष शोधा



घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट रेडिओ कसा सुरू करायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची झाली. "सर, माझ्या कॉम्प्युटरवर मस्त वाजतं, पण नागपूरच्या मामाच्या मोबाइलवर वाजत नाही." कोणाचं सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं. कोणाच्या रेडिओवर दहा जण ऐकतात तोवर ठीक, अकरावा आला की सगळ्यांचा आवाज तुटतो.

आजचा धडा यासाठीच आहे. शांतपणे वाचा, कॉम्प्युटर समोर ठेवून वाचा. कारण यात तुमचे पैसे गुंतलेले आहेत. समजा, तुम्ही गावातल्या कृषी केंद्राकडून महिन्याची जाहिरात घेतली. रोज सकाळी साडेसातला हिंगणघाट बाजार समितीचे कापसाचे भाव आणि त्याआधी त्यांची जाहिरात, असं ठरलं. पहिल्या दिवशी मालकाने स्वतः मोबाइल लावला आणि नुसतं चाक फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी तो तुम्हाला पैसे देईल का? नाही देणार. त्याला पोर्ट, आयपी, राउटर यातलं काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. वाजलं पाहिजे, एवढंच त्याला कळतं.

आधी साखळी समजून घ्या

शेतात ओलीत सुरू आहे आणि पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही, तर आपण काय करतो? लगेच नवीन विहीर खोदतो का? आधी डीपीवर लाइट आहे का बघतो, मग स्टार्टर, मग मोटार, मग फूटवॉल्व, मग पाइप कुठे फुटला का ते बघतो. एकेक टप्पा तपासत पुढे जातो. इंटरनेट रेडिओचंही अगदी तसंच आहे. त्याचे टप्पे असे :

१. आवाज पाठवणारं सॉफ्टवेअर, जसं बट किंवा मिक्स. याला सोर्स म्हणतात.
२. आवाज वाटणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सर्व्हर. आपण आइसकास्ट वापरतो, काही जण शाउटकास्ट वापरतात.
३. कॉम्प्युटरची फायरवॉल.
४. घरचा राउटर.
५. इंटरनेट देणारी कंपनी.
६. ऐकणाऱ्याचा मोबाइल.

बहुतेक जण काय करतात? आवाज आला नाही की आइसकास्ट काढून टाकतात आणि परत टाकतात. दोष राउटरमध्ये असेल तर दहा वेळा टाकूनही काही होणार नाही. म्हणून आपला नियम एकच : आतून बाहेर तपासत जायचं. ज्या टप्प्यावर अडलं, तिथेच थांबून दुरुस्त करायचं.

पायरी १ : त्याच कॉम्प्युटरवर तपासा

ज्या कॉम्प्युटरवर आइसकास्ट आहे, त्याच्याच ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि ८००० टाइप करा (इंग्रजी अक्षरांत). ८००० हा आइसकास्टचा नेहमीचा पोर्ट आहे. आइसकास्टचं पान दिसलं तर सर्व्हर जिवंत आहे. पान उघडलंच नाही तर सर्व्हर सुरूच झालेला नाही, किंवा दुसरं एखादं सॉफ्टवेअर तोच ८००० पोर्ट अडवून बसलंय. आइसकास्टच्या फोल्डरमध्ये एरर लॉग नावाची फाइल असते. तिच्या शेवटच्या ओळी वाचा. कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

पान दिसतं, पण त्यावर तुमच्या रेडिओचं नाव नाही? म्हणजे सर्व्हर चालू आहे, पण सोर्स जोडलेला नाही. अशा वेळी तीन आकडे लक्षात ठेवा :

- ४०१ आला तर पासवर्ड चुकला. बटमधला पासवर्ड आणि आइसकास्टच्या सेटिंग फाइलमधला सोर्स पासवर्ड अक्षर न् अक्षर सारखा पाहिजे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा असतो, तो इथे चालत नाही.
- ४०३ आला तर बहुतेक वेळा त्या माउंटवर आधीच दुसरा सोर्स बसलेला असतो, किंवा सोर्सची मर्यादा भरलेली असते. दोन कॉम्प्युटरवरून एकाच नावाने पाठवत नाही ना, ते बघा.
- ४०४ ऐकणाऱ्याला दिसला तर त्या नावाचा माउंट सध्या नाही. लिंकमध्ये स्पेलिंग चुकलं, कॅपिटल-स्मॉल अक्षर चुकलं किंवा सोर्स तुटला.

शाउटकास्ट वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्याच्या जुन्या आवृत्तीत ऐकणारे ८००० वर येतात आणि सोर्स त्याच्या पुढच्या पोर्टवर, म्हणजे ८००१ वर जोडतो. सोर्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल तर दोन्ही पोर्ट मोकळे पाहिजेत.

पायरी २ : घरच्याच वायफायवर मोबाइलने तपासा

आता कॉम्प्युटरचा घरातला पत्ता काढा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा येतो. मोबाइल त्याच वायफायवर ठेवा आणि ब्राउझरमध्ये तो आकडा आणि पुढे ८००० टाका.

वाजलं? छान, पायरी ३ वर जा. नाही वाजलं? मग तीन संशयित आहेत.

पहिला, फायरवॉल. विंडोजच्या फायरवॉलमध्ये आत येणाऱ्या जोडणीसाठी नवा नियम करा : प्रकार पोर्ट, टीसीपी, ८०००, परवानगी द्या. विंडोजने तुमचं वायफाय 'पब्लिक' समजून ठेवलंय का, तेही बघा. नियम 'प्रायव्हेट'साठी केला आणि नेटवर्क 'पब्लिक' असेल तर नियम असून नसल्यासारखा. आणि एक हात जोडून सांगणं : घाई झाली म्हणून सगळी फायरवॉल बंद करू नका. एक दार उघडायला घराच्या भिंती पाडायच्या नसतात.

दुसरा, आइसकास्टची सेटिंग फाइल. त्यात बाइंड अ‍ॅड्रेस नावाची ओळ असते. तिथे १२७.०.०.१ लिहिलेलं असेल तर सर्व्हर फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरचं ऐकतो, बाहेरच्या कोणाचं नाही.

तिसरा, गेस्ट वायफाय. मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर राउटर त्याला घरातल्या कॉम्प्युटरशी बोलूच देत नाही.

पायरी ३ : मोबाइल डेटावरून तपासा

खरी परीक्षा इथे आहे. मोबाइलचं वायफाय बंद करा आणि डेटा चालू करा. घरच्या वायफायवरूनच बाहेरचा पत्ता टाकून बघू नका. बरेच राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या पत्त्यावरून परत आत येऊ देत नाहीत. त्यामुळे तुम्हाला वाटेल रेडिओ बंद आहे, आणि तो बाहेर व्यवस्थित चालू असेल.

ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधलं की तुमचा बाहेरचा पत्ता कळतो. हे शोधणं घरच्या इंटरनेटवरून करायचं, तपासणी मोबाइल डेटावरून करायची. आता काय संदेश येतो, तो नीट वाचा :

- 'जोडणी नाकारली' असं लगेच आलं तर तुमची विनंती कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचली, पण त्या दारामागे कोणी बसलेलं नव्हतं. सर्व्हर बंद आहे, पोर्टचा आकडा चुकलाय किंवा राउटर स्वतःच नकार देतोय.
- बराच वेळ चाक फिरून 'वेळ संपली' असं आलं तर विनंती वाटेतच हरवली. फायरवॉल, राउटर किंवा कंपनीचं जाळं, यांपैकी कुठेतरी अडली.

हा फरक ओळखता आला की तुमचं अर्धं काम झालं. दार ठोठावल्यावर आतून "कोणी नाही" असं ऐकू येणं वेगळं, आणि त्या घरापर्यंत रस्ताच नसणं वेगळं.

पायरी ४ : राउटरमध्ये वाट करून द्या

राउटरला बाहेरून विनंती आली की त्याला प्रश्न पडतो, हे कोणासाठी? घरात तर चार मोबाइल, एक टीव्ही, एक कॉम्प्युटर आहे. म्हणून त्याला सांगून ठेवावं लागतं : ८००० वर जो येईल, त्याला या कॉम्प्युटरकडे पाठव. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. राउटरच्या मागच्या स्टिकरवर त्याच्या सेटिंगचा पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं.

यात दोन गोष्टी नेहमी नडतात.

एक, कॉम्प्युटरचा घरातला पत्ता बदलतो. लाइट गेली, राउटर परत सुरू झाला आणि कॉम्प्युटरला नवा आकडा मिळाला. राउटर मात्र जुन्याच आकड्याकडे पाठवत बसतो. "काल चालत होतं, आज नाही," याचं मोठं कारण हेच. उपाय सोपा आहे. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे त्या कॉम्प्युटरला कायम तोच आकडा मिळेल.

दोन, बाहेरचा पत्ताही बदलतो. साध्या कनेक्शनवर कंपनी तो केव्हाही बदलू शकते. लोकांना आकडा देऊ नका, नाव द्या. डकडीएनएस किंवा नो-आयपी यांसारख्या सेवा एक नाव देतात आणि बदललेला आकडा त्या नावाला जोडत राहतात. जाहिरातीच्या पत्रकावर क्यूआर कोड छापण्याआधी हे काम झालंच पाहिजे. नाहीतर छपाईचे पैसे पाण्यात.

पायरी ५ : सीजीनॅट, म्हणजे सगळं बरोबर असूनही न चालणं

सगळं बरोबर केलं, तरी बाहेरून काही जोडत नाही? मग राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी बघा आणि ब्राउझरने सांगितलेल्या बाहेरच्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर चिंता नाही. वेगळे असतील तर राउटरच्या पुढे अजून एक राउटर आहे.

तो दुसरा राउटर तुमच्याच घरात असू शकतो. कंपनीने दिलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर आहे, आणि तुम्ही त्याला अजून एक राउटर लावलाय, असं पुष्कळ घरांत असतं. मग एकाला ब्रिज मोडमध्ये टाका, किंवा दोन्हींमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा.

पण वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर समजा की तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात. हे आकडे २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ चे पत्ते ४ अब्जांच्या थोडेच वर आहेत आणि जगात उपकरणं त्यापेक्षा जास्त. म्हणून कंपनी एक बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात.

जुन्या वाड्यासारखं समजा. वीस बिऱ्हाडं, पण पोस्टाचा पत्ता एकच. तुम्ही आतून पत्र पाठवलं तर ते जातं आणि त्याचं उत्तरही तुमच्याकडे येतं. पण बाहेरून नुसत्या वाड्याच्या पत्त्यावर पत्र आलं, तर पोस्टमन ते कोणाला देणार? तुमच्या खोलीचं दार कितीही उघडं ठेवा, वाड्याचा दरवाजा तुमच्या हातात नाही.

इथे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत :

पहिली : कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा. त्याचे वेगळे पैसे लागतात आणि तो प्रत्येक घरगुती प्लॅनवर मिळत नाही. आधी फोन करून विचारा, मग ठरवा.

दुसरी : आयपीव्ही६ वापरा. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही. पण ऐकणाऱ्याकडेही आयपीव्ही६ पाहिजे. मोबाइलवर ते आता सर्रास असतं, पण प्रत्येक ऑफिसच्या किंवा दुकानाच्या वायफायवर असेलच असं नाही. एकट्या याच्या भरवशावर धंदा उभा करू नका.

तिसरी, आणि मी विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा हीच सांगतो : आइसकास्ट भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्व्हरवर ठेवा, घरातून फक्त सोर्स चालवा. वाड्यातून पत्र बाहेर जातं, आठवतं ना? सोर्स आतून बाहेर जोडतो, म्हणून सीजीनॅट त्याला अडवत नाही. ऐकणारे क्लाउडवर येतात, तुमच्या घरी कोणी येतच नाही. पोर्ट फॉरवर्डिंग नको, पत्ता बदलायची भीती नको.

पायरी ६ : जोडतं, पण आवाज तुटतो

आता हिशोब करू. आपण धंदेवाले माणसं, हिशोबाला घाबरायचं नाही.

घरच्या सर्व्हरवरून प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळी धार जाते. एफएमवर एक टॉवर सगळ्यांना पुरतो, इथे तसं नाही. ६४ केबीपीएसचा आवाज आणि २० ऐकणारे म्हणजे १२८० केबीपीएस, साधारण १.३ एमबीपीएस. १२८ केबीपीएस आणि ५० ऐकणारे म्हणजे ६४०० केबीपीएस, ६.४ एमबीपीएस. ही अपलोड गती आहे. स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात. आपल्याला अपलोडचा आकडा पाहिजे, आणि त्याचाही निम्माच भाग वापरायचा असं धरून चाला. घरात कोणी व्हिडिओ कॉल लावला तरी रेडिओ तुटायला नको.

आता डेटा. ६४ केबीपीएस म्हणजे एका ऐकणाऱ्याला तासाला २८.८ एमबी. २० जण रोज ८ तास ऐकतात असं धरलं तर ३० दिवसांत साधारण १३८ जीबी. फायबरवर हे निभतं, पण मोबाइल हॉटस्पॉटवर सर्व्हर चालवायचा विचार सोडून द्या.

बोलण्याचा कार्यक्रम असेल, म्हणजे भाव, मुलाखत, सूचना, तर ६४ केबीपीएस मोनो पुरतं. कीर्तन-भजनासाठी थोडं वाढवा. गरज नसताना १२८ ठेवणं म्हणजे रिकामी एसटी पळवणं.

सगळ्यांचा आवाज एकाच वेळी तुटत असेल तर दोष तुमच्याकडे आहे : अपलोड कमी पडतंय किंवा सोर्स तुटतोय. एकाचाच तुटत असेल तर दोष बहुतेक त्याच्याकडे आहे. सोर्सचा कॉम्प्युटर वायफायवर असेल तर आधी लॅनची वायर लावा. पन्नास-शंभर रुपयांच्या वायरने पुष्कळ तक्रारी मिटतात. आणि ठरावीक आकड्यानंतर नवीन माणूस जोडतच नसेल तर सेटिंग फाइलमध्ये क्लायंटची मर्यादा किती आहे ते बघा.

एक गोंधळ अजून. थेट लिंकने वाजतं, पण स्वतःच्या वेबसाइटवर वाजत नाही. वेबसाइट एचटीटीपीएस आणि रेडिओची लिंक साधी एचटीटीपी असेल तर ब्राउझर अडवतो. क्रोममध्ये २०२० पासून हे कडक झालं. रेडिओच्या लिंकलाही एचटीटीपीएस करून घ्या.

लाइट जाणार आहे, हे धरूनच चाला

गिरडमध्ये बसून रेडिओ चालवायचा तर लाइटचं गणित आधी मांडावं लागतं. राउटर, फायबरचा डबा आणि कॉम्प्युटर, तिघांनाही बॅकअप द्या. कॉम्प्युटरला इन्व्हर्टर आहे आणि राउटरला नाही, तर उपयोग शून्य. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये 'लाइट आल्यावर आपोआप सुरू हो' अशी सोय असते, ती चालू करा. आइसकास्ट विंडोजसोबत सुरू होईल असं ठेवा. बटमध्ये तुटल्यावर परत जोडण्याची सोय तपासा.

आइसकास्ट क्लाउडवर असेल तर अजून एक सोय मिळते : फॉलबॅक माउंट. घरचा सोर्स तुटला की ऐकणाऱ्यांना आपोआप दुसऱ्या आवाजावर नेलं जातं, "थोड्याच वेळात परत येतो" अशी रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येते. दोन्हींचा फॉरमॅट आणि बिटरेट सारखा ठेवा. ऐकणारा शांतता सहन करत नाही, तो लगेच दुसरीकडे जातो. दोन वाक्यं ऐकू आली तर थांबतो.

दोन गोष्टी तांत्रिक नाहीत, पण महाग पडतात

पासवर्ड बदला. आइसकास्टच्या नमुना फाइलमधला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे. तोच ठेवून पोर्ट उघडला तर तुमच्या रेडिओवर कोणीही येऊन काहीही वाजवेल, आणि नाव तुमचं जाईल.

गाण्यांचे हक्क बघा. इंटरनेट रेडिओला एफएमसारखी हवेतली फ्रिक्वेन्सी लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं सगळं मोकळं आहे. तसं नाही. एफएमवाल्यांना ठरवून दिलेल्या दराने गाणी वाजवायची जी सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ डी मध्ये आहे, ती इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे फिल्मी गाणी वाजवायची तर हक्कदारांकडून परवानगी घ्यावी लागते. सुरुवात स्वतःच्या आवाजाने करा : बाजारभाव, गावातल्या कारागिरांच्या मुलाखती, भजनी मंडळाची परवानगी घेऊन केलेलं रेकॉर्डिंग. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून आहे. तो एफएमवर आहे, लायसन्सवाला आहे, आपला मार्ग वेगळा. पण गावच्या माणसाचं बोलणं गावाला ऐकायचं असतं, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

मग घरी सर्व्हर ठेवायचा की नाही?

शिकायला घरीच ठेवा. पोर्ट, आयपी, फायरवॉल हे एकदा हाताने केलं की उद्या गावातल्या दुकानाचे सीसीटीव्ही बाहेरून दिसत नसतील, तर तेही तुम्हीच लावून द्याल. पायऱ्या त्याच आहेत, आणि ती सेवा विकता येते. पण ज्या दिवशी पहिल्या जाहिरातदाराकडून पैसे घ्याल, त्या दिवशी सर्व्हर क्लाउडवर न्या आणि त्याचं भाडं जाहिरातीच्या दरात धरा. दरात बसत नसेल तर दर चुकलाय, सर्व्हर नाही.

आजचा गृहपाठ

एका वहीत सहा रकाने करा : त्याच कॉम्प्युटरवर, घरच्या वायफायवर, मोबाइल डेटावर, राउटरचा वॅन आयपी, अपलोड गती, बॅकअप किती मिनिटं. प्रत्येक रकान्यात आजची तारीख आणि निकाल लिहा. पुढच्या वेळी रेडिओ बंद पडला की आधी ही वही उघडा. काय बदललं ते लगेच दिसेल. मदत मागताना पण "चालत नाही" एवढंच लिहू नका. कोणत्या पायरीवर अडलं आणि कोणता संदेश आला, ते लिहा, म्हणजे उत्तर लवकर मिळेल.

पुढच्या व्हिडिओत क्लाउडवर आइसकास्ट कसं टाकायचं ते पाहू. तोवर वही भरून ठेवा. भेटूया!